रात्री अकरानंतर पाव दर

नारायण पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक झेरॉक्सचं दुकान आहे. दर्शनी भागावर चकचकीत फ्लेक्स : कलर प्रिंट, लॅमिनेशन, पॅन कार्ड, लाइट बिल, कुरिअर. मान जरा वर केली, तर भिंतीला काटकोनात ठोकलेली एक पत्र्याची पेटी दिसते. दोन्ही बाजूंना पिवळा पत्रा, त्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. आतली ट्यूब गेली त्याला जमाना झाला. पेटीच्या खालच्या कडेला केबलवाल्याने आपली जादा वायर गुंडाळून ठेवली आहे.

पुण्यात जुन्या खुणांना तोटा नाही. वाड्याची कमान, हौद, पडकी भिंत पाहिली की इथला माणूस थांबून इतिहास सांगायला लागतो. ही पिवळी पेटी दाखवली, तर पन्नाशी-साठीतला माणूस इतिहास सांगत नाही. तो आधी हसतो, मग बायको किंवा नवरा कुठे आहे ते पाहतो, आणि मग बोलतो.

या लेखासाठी मी ओळखीपाळखीतल्या लोकांना एकच प्रश्न विचारत गेले : तुमचा बूथ कोणता? 'कोणाला फोन करायला', हे विचारायची वेळ आली नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "अलका टॉकीजच्या चौकातला. दोन नंबरची केबिन. एक नंबरचा रिसीव्हर खरखरायचा." सांगलीच्या एका शिक्षिकेला बूथ आठवला, बूथवाल्याने लावलेल्या उदबत्तीचा वास आठवला, आणि नंबरही आठवला. त्या नंबरवर आज फोन लागणार नाही, कारण 2002च्या सुमारास सगळ्या जुन्या नंबरांपुढे एक '2' लागला. पण तिने तो जुन्याच आकड्यांत, न अडखळता म्हणून दाखवला. स्वतःच्या मुलाचा मोबाइल नंबर मात्र तिला पाठ नाही.

घरात फोन असताना रस्त्यावर जाऊन का बोलायचं, असा प्रश्न आजच्या मुलांना पडतो. एक तर बहुतेकांच्या घरात फोन नव्हता. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे कंसात 'पी. पी.' लिहिण्याची पद्धत होती. शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारणार, आपण हातातलं टाकून पळत जाणार, आणि त्यांच्या डायनिंग टेबलापाशी उभं राहून, त्यांच्या अख्ख्या कुटुंबादेखत, आपल्या आत्याची तब्येत विचारणार. त्या टेबलापाशी प्रेमाचं बोलणं म्हणजे अशक्यच.

आणि पुढे फोन घरी आला, तोही बैठकीच्या खोलीत. क्रोशाने विणलेलं झाकण, खाली खास सुताराकडून करून घेतलेलं तिकाटणं, शेजारी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. समोर वडिलांची खुर्ची. काही घरांत डायलला चिमुकलं कुलूप असे. ते असताना खटका पटापट दाबून नंबर लावायची विद्या माझ्या मावसभावाला येत होती, आणि त्या विद्येवर त्याने एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी काढली. पण कुलूप उघडलं तरी खोली तीच राहायची. फोन घराचा होता, एका माणसाचा नव्हता. तो कोणाचा आला, किती वेळ चालला, बोलताना आवाज का उतरला, याचा हिशोब घर ठेवायचं.

म्हणून एकट्याने बोलायचं असेल तर घराबाहेर पडावं लागे. मध्यमवर्गीय घरातल्या वीस वर्षांच्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लावून घेता येईल असं दार मिळालं, ते बूथच्या केबिनचं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला अतिशयोक्त वाटत नाही. वाड्यात, चाळीत, दोन खोल्यांत वाढलेल्या पोरींना 'आपली खोली' नावाचा प्रकार नव्हता. दोन-अडीच फूट रुंद, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची, काचेची ती केबिन भर रस्त्यावर होती. येणारा-जाणारा आत पाहू शकत होता. तरी तिथे आत गेल्यावर जे बोललं जाई, ते घरात कधी बोललं गेलं नसतं.

ही केबिन गल्लीच्या तोंडाशी आली कशी, ते थोडक्यात सांगते. ऑपरेटरला न विचारता परगावी थेट नंबर फिरवायची सोय, म्हणजेच एसटीडी, देशात पहिल्यांदा 1960 साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये झाली. पण पुढची पंचवीस वर्षं सामान्य माणसासाठी परगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉलच. बुक करायचा, वाट पाहायची, लागला की गावभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडायचं. दूरच्या फोनवरचं प्रेम त्याही आधी सिनेमात पोचलं होतं. 1949च्या 'पतंगा'मध्ये रंगूनहून देहरादूनला आलेल्या फोनचं जे गाणं आहे, त्याचे संगीतकार आणि त्यातला पुरुषाचा आवाज दोन्ही आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे, सोबत शमशाद बेगम. गाणं देशभर वाजलं. तसा फोन प्रत्यक्षात करू शकणारी माणसं मात्र तेव्हा फार थोडी असणार.

चित्र पालटलं ते 1984नंतर. त्या वर्षी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने आपल्या हवेत, धुळीत, एअर कंडिशनरशिवाय चालतील अशी छोटी एक्स्चेंजेस देशातच तयार होऊ लागली. त्यातलं पहिलं गावात बसवलेलं एक्स्चेंज 1986 साली कित्तूरला लागलं, म्हणजे बेळगावच्या शेजारीच. दुसरा विचार तितकाच शहाणपणाचा होता : प्रत्येक घरात फोन देता येत नसेल, तर प्रत्येक गल्लीत एक द्या, आणि तो सरकारी कर्मचाऱ्याऐवजी गल्लीतल्याच माणसाला चालवू द्या. बूथ देताना अपंग, माजी सैनिक, विधवा, सुशिक्षित बेकार यांना प्राधान्य मिळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाहता पाहता कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्या लागल्या. एसटी स्टँडवर, हॉस्पिटलसमोर, कॉलेजच्या फाटकापाशी, किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यांच्या पलीकडे.

आता दरांबद्दल, कारण दर समजल्याशिवाय हे प्रेम समजत नाही. पैसे पल्सवर मोजत. अंतर जितकं जास्त, तितकी पल्स लवकर पडे. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळी उतरत जाणारा, आणि आमच्या वेळी रात्री अकरानंतर पाव. म्हणजे तेवढ्याच पैशांत चौपट बोलणं. साडेदहापासून बूथसमोर माणसं जमायला लागायची. एरवी दहाला निजानीज होणाऱ्या पेठेत अकराला गर्दी! इंजिनिअरिंगची पोरं, हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आलेल्या केरळी नर्सेस, बदली होऊन आलेला एखादा कारकून, पायात स्लिपर घातलेले नवे नवरदेव. अकराला पाच कमी असताना कोणी आत शिरायला तयार नसे. "तुम्ही जा ना आधी", "छे, छे, तुम्ही जा" असा लखनवी शिष्टाचार पुण्याने त्या पाच मिनिटांपुरता पाळला असेल. अकराचा ठोका पडला की तो संपायचा.

आत गेलं की समोर सनमायकाची छोटी फळी, तिच्यावर बटणांचा फोन, आणि भिंतीवर लाल आकड्यांचं मीटर. तेच आकडे बाहेर बूथवाल्यासमोरही उमटत. डोक्यावर एसटीडी कोडची छापील यादी : मुंबई 022, नागपूर 0712, कोल्हापूर 0231. पुण्याचा कोड तेव्हा 0212 होता. फळीवर कर्कटकाने कोरलेली बदामं, आद्याक्षरं, आणि कोणाचे तरी फोन नंबर. पंखा असे, चालत नसे. दार लावलं की उकाड्याने जीव जाई, उघडं ठेवलं तर रांगेतल्या पहिल्या माणसाला सगळं ऐकू जाई. उकाडाच बरा.

माझा नंबर 0712 ने सुरू व्हायचा. तो पुण्यात माझ्या वर्गात होता, पदवीनंतर नोकरीला घरी, नागपूरला परत गेला. दिवसाच्या दराने पुणे-नागपूर बोलायचं म्हणजे शंभराची नोट बघता बघता मोडायची, आणि शंभरात तेव्हा काय काय यायचं ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. रात्रीशिवाय इलाज नव्हता. घरी सांगायचं, मैत्रिणीकडे प्रोजेक्टचं काम आहे. निघण्याआधी काय बोलायचं त्याचे मुद्दे तळहातावर लिहून न्यायचे, कारण मीटर समोर दिसत असताना गप्प बसायला परवडत नसे. एकदा त्याने पलीकडून नुसतं "हं" म्हणून बराच वेळ काढला, तेव्हा मी अस्सल पुणेरीपणाने म्हटलं होतं, "या 'हं'चे चार रुपये झाले." तो हसला, त्याचे आणखी दोन झाले.

त्याच्याकडचा फोन बैठकीच्या खोलीतच होता. त्यामुळे तो मोजकं बोले, आणि मी इकडे केबिनमध्ये मोकळी. सारं बोलणं एका बाजूनेच व्हायचं. "हो", "बघू", "सरांना सांगतो." त्या घरात मी 'देशपांडे सर' होते. वर्षभराने त्याचं लग्न त्याच्या घरच्यांनी पाहिलेल्या मुलीशी झालं. भांडण झालं नाही, कोणी कोणाला फसवलंही नाही. तो सांगायला धजला नाही आणि मी विचारायला. मला विचाराल तर त्याचं एक कारण हेही होतं, की अवघड गोष्ट बोलायला जितका वेळ लागतो, तितका वेळ आमच्या खिशात नव्हता. स्वस्तात फक्त गोड बोलता येत होतं.

नावं बदलण्याची ही कला त्या दशकात सार्वत्रिक होती. मुलींच्या वसतिगृहात येणाऱ्या फोनची तर तऱ्हाच निराळी. एक फोन, रेक्टरबाईंच्या खोलीबाहेर, बोलायला तीन मिनिटं. फोन करणाऱ्याने नातं सांगायचं. सांगलीच्या शिक्षिका हसत म्हणाल्या, "आमच्या मजल्यावरच्या एकेकीला इतके मामेभाऊ होते, की आजोबांना मुलगे किती असा प्रश्न बाईंना पडायचा." फोन घरी करायचा तर आधी एक रिंग देऊन ठेवून द्यायचं, मग दुसऱ्यांदा लावायचा. वडिलांनी उचलला तर गपचूप बंद. त्याला ब्लँक कॉल म्हणत. वडील शेजारी बसलेले असताना तिने उचलला, तर ती खणखणीत आवाजात सांगे, "रॉंग नंबर!" आणि पलीकडच्याला कळे की आज नाही. पलीकडे फोन उचलला की मीटर सुरू व्हायचं, त्यामुळे भावी सासऱ्यांच्या नुसत्या 'हॅलो'लाही एक पल्स पडायची. बँकेतले ते गृहस्थ म्हणतात, "आमच्या सासऱ्यांच्या 'हॅलो'वर माझे तेव्हा जेवढे पैसे गेले, तेवढा त्यांनी हुंडा दिला नाही. म्हणजे मी घेतलाही नसता." शेवटचं वाक्य आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने.

गावातल्या गावात बोलायचं तर पानाच्या टपरीवर टांगलेला लाल डबा. पलीकडून आवाज आला की रुपयाचं नाणं आत ढकलायचं. नाणं वेळेवर पडलं नाही, तर आपल्याला तिचं "हॅलो, हॅलो" ऐकू येई, तिला आपलं काहीच नाही. वेळ संपत आली की पीप वाजे, मग दुसरं नाणं. या डब्यापायी रुपयाची नाणी जमवणारी मुलं होती. पानवाला सुटे देताना असा काही पाहायचा, की पुढच्या वेळी दुसरी टपरी गाठावी.

झेरॉक्सच्या दुकानाचे मालक, म्हणजे पूर्वीचे बूथवाले, सत्तरीला आलेत. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय अधू आहे. बूथ मिळाला तो त्याच सवलतीतून. दुकान आता सून चालवते. काका दुपारी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. मी या गल्लीत त्यांच्यासमोर लहानाची मोठी झाले, तरी या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. मी विचारलं, "काका, तुम्हाला सगळं ऐकू यायचं का हो?"

"ताई, ऐकायचं नाही म्हटलं तरी येतंच की. काच असून असून किती जाड असणार?" मग थोडं थांबून, "तुमचं नागपूर, नाही का?"

तीस वर्षांनी!

काकांच्या म्हणण्याप्रमाणे धंदा प्रेमवाल्यांवर चालत नसे. "ती पोरं घाबरट. पाच रुपये, सात रुपये. मीटरकडे बघत बोलायची. आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे लग्न ठरलेली मंडळी. साखरपुडा झाला की लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत रोज रात्री हजर. घरचे पैसे देणार, वर विचारणार, झालं का बोलणं? पन्नास-पन्नास, साठ-साठ रुपये. आणि लग्न झालं की बंद. एकाच ठिकाणी राहायला लागल्यावर फोन कशाला करतील?" हा मुद्दा मला नवा होता आणि विचार करताना पटत गेला. ठरवून केलेल्या लग्नात नवरा-नवरीला एकमेकांशी एकट्याने बोलायची परवानगी मिळाली, ती या बूथमुळे. त्याआधीच्या पिढीत साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये फार तर एखादं पत्र, तेही घरात सगळ्यांनी वाचून झालेलं. माझ्या आईवडिलांची पहिली खासगी बातचीत लग्नानंतर झाली. माझ्या धाकट्या बहिणीने मात्र होणाऱ्या नवऱ्याशी दीड-दोन महिने फोनवर बोलून घेतलं होतं, आणि बोहल्यावर चढली तेव्हा त्याला कारलं आवडत नाही, हे तिला माहीत होतं. प्रेमविवाहांची गणती होते. ठरवलेल्या लग्नांच्या आत शिरलेलं हे प्रेम कोणी मोजलं नाही.

काकांचा दिवस सकाळी सातला सुरू होई आणि रात्री एकला संपे. बाहेर जाता येत नसे, कारण मीटर सोडून जाणार कोण? जेवण घरून डब्यात. एक्स्चेंजचं बिल ठरल्या तारखेला भरावं लागे, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. "फोन लागलाच नाही" म्हणून भांडणारे, बोलून झाल्यावर खिसे चाचपणारे, घड्याळ ठेवून जाणारे. एका पोराचं घड्याळ अजून त्यांच्याकडे पडून आहे. तो परत आला नाही. "बंद पडलेलं होतं ते," काका म्हणाले, "त्याला माहीत असणार."

पेटी का काढली नाही, असंही मी विचारलं. काहीतरी हळवं उत्तर मिळेल अशी माझी अपेक्षा. ते म्हणाले, "काढायला माणूस बोलावला तर पाचशे मागतो. राहू दे, लोक पत्ता सांगायला वापरतात."

बूथच्या आठवणी गोडच असतात असा समज होऊ नये. केबिनच्या फळीवर कोरलेले ते नंबर मुलींच्या घरचे होते, आणि ते तिथे कोणी का कोरले हे सांगायला नको. ब्लँक कॉल फक्त प्रियकर करत नसत. त्रास देणारेही करत, रात्री-अपरात्री, महिनोन्महिने. आणि त्याची शिक्षा मुलीला होई : तिचं कॉलेज, क्लास, बाहेर जाणं बंद. माझी एक वर्गमैत्रीण फायनलची परीक्षा न देता घरी बसली, ती अशाच फोनांमुळे. फोन कोणाचा, हे तिला आजही माहीत नाही. फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारं यंत्र घरोघरी आलं तेव्हा प्रेमिकांची पंचाईत झाली हे खरं. पण आणखी काही वर्षं आधी आलं असतं, तर ती पदवीधर झाली असती.

दुसरी गोष्ट बूथच्या कागदाची. बोलणं झालं की छोट्या प्रिंटरमधून करकरत चिठ्ठी यायची : तारीख, वेळ, लावलेला नंबर, रक्कम. शहाणी मुलगी चिठ्ठी तिथेच फाडून टाकी. पण यंत्राच्या पोटात नोंद राहायची, आणि बूथवाला गल्लीतला. मुलगी कोणाची, आडनाव काय, घरात कोण तापट, हे त्याला ठाऊक. जातीबाहेरच्या मुलाशी बोलणाऱ्या एका मुलीचा काका एकदा आमच्या बूथवर आला आणि नंबर मागू लागला, असं काकांनी सांगितलं. "मी म्हटलं, मशीन बिघडलंय, काही निघत नाही. तो म्हणाला, बघून घेईन. मी म्हटलं, बघा." पुढे त्या दोघांचं काय झालं, ते त्यांना माहीत नाही. सगळेच बूथवाले असे नव्हते. "काही जण आपणहून जाऊन सांगायचे," काका म्हणाले, "गल्लीत मान मिळतो ना." दार लावता यायचं खरं. पण दाराबाहेर माणूस कोण बसला आहे, हा नशिबाचा भाग होता.

शहरांतला बूथ प्रेमिकांना लपवायचा, गावातला लपवू शकत नसे. रत्नागिरीकडच्या एका मैत्रिणीच्या गावात एकच बूथ, स्टँडजवळच्या हॉटेलात. मुंबईहून चाकरमान्याचा फोन आला की हॉटेलवाला एका पोराला सायकलवरून पिटाळायचा. पोरगा वाडीभर ओरडत जायचा, "अमक्याच्या सुनेला फोन, धा मिनटांत परत करणारायत!" ती साडी नीट करत धावत निघायची, मागून सासू, नणंद, दोन पोरं. हॉटेलात चहा पिणारे सगळे गप्प. नवऱ्याने पलीकडून काय म्हटलं ते तिलाच ऐकू यायचं, आणि तिने काय म्हटलं ते सगळ्यांना. ती म्हणायची, "बरी आहे. पैशे पोचले. पाऊस आहे." मैत्रीण सांगत होती, तिची चुलती फोन ठेवल्यावर कधीच लगेच वळायची नाही. रिसीव्हर जागेवर ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत थोडा वेळ उभी राहायची. कॅलेंडर मागच्या वर्षीचं असलं तरी.

1999 साली 'सिर्फ तुम' आला. एकमेकांना न पाहिलेली दोन माणसं पत्रांतून आणि फोनवरून प्रेमात पडतात, अशी गोष्ट. 1996च्या 'कादल कोट्टै' या तमिळ सिनेमावरून घेतलेली. सिनेमा चालला तेव्हा बूथ ऐन भरात होते, आणि त्यांचं मरणही ठरून गेलं होतं. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995ला झाला होता. पण सुरुवातीला आलेल्या फोनचेही पैसे पडत, त्यामुळे मोबाइल हा बिल्डरांचा आणि डॉक्टरांचा दागिना होता, बूथला त्याचं भय नव्हतं. 2002च्या सुरुवातीला परगावचे दर एकदम खाली आले आणि रात्री अकराचं महत्त्व ओसरू लागलं. मे 2003मध्ये येणारे फोन फुकट झाले. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपयांत हँडसेट हातात दिला. 1 मार्च 2006पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशात कुठेही रुपयात मिनिटभर बोलायची योजना आणली. आता पुणे काय आणि नागपूर काय. काकांच्या बूथवर त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेली वस्तू होती मोबाइलची रिचार्ज कुपनं. "आमच्याच गळ्याला लावायची सुरी आम्हीच कमिशनवर विकत होतो," ते म्हणाले. मग एक केबिन काढून झेरॉक्सचं मशीन आलं, पुढे दुसरी केबिनही गेली.

बूथवाल्यांना कोणी पर्यायी काही दिलं नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा गाळा होता ते झेरॉक्स, कुरिअर, ऑनलाइन फॉर्म यांच्याकडे वळले. ज्यांची केबिन फुटपाथवर, हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून उभी होती, त्यांची ती उचलली गेली. त्यांतले बरेच जण कुबड्यांवरचे, तीनचाकी सायकलवरचे होते. सरकारने एका हाताने दिलेला रोजगार काळाने दुसऱ्या हाताने नेला, याची कुठे चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आम्ही तेव्हा नवे रिंगटोन निवडत होतो.

माझ्या भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती बंगळुरूला असते, तिचा मित्र डब्लिनला. रात्री दोघं व्हिडिओ कॉल लावून ठेवतात आणि आपापली कामं करत बसतात. बोलतच असं नाही. तो भांडी घासत असतो, ती लॅपटॉपवर. "म्हणजे तुम्ही सारखं बोलायचा? गप्प बसायचाच नाहीत? किती दमायला होत असेल," असं ती म्हणाली. मला तिच्या प्रेमात काही उणं दिसलं नाही. उलट, अवघड गोष्टी बोलायला तिच्याकडे हवा तेवढा वेळ आहे, आणि त्या ती बोलते, हे मला दिसतं. आमच्या वेळचं प्रेम जास्त खरं होतं, असं सांगणाऱ्या माणसाने एकदा शंभराची नोट हातात धरून लाल आकड्यांकडे बघत बोलून पाहावं. आम्ही थोडक्यात बोलायला शिकलो ते गुण म्हणून नव्हे, पैसे नव्हते म्हणून.

या विषयावर आमच्या बाजूने, म्हणजे केबिनच्या आतून, पुष्कळ लिहिलं जाईल. प्रेमिकांना लिहायची हौस असतेच. केबिनच्या बाहेर, मीटरपाशी जी माणसं रात्री एकपर्यंत बसून होती, त्यांचं मात्र काही नोंदलेलं मला सापडलं नाही. त्यांच्या वह्या, चिठ्ठ्यांचे रोल, एक्स्चेंजची बिलं, उधारीची यादी हे सगळं रद्दीत चाललं आहे, आणि ती माणसंही आता साठी-सत्तरीत आहेत. तुमच्यापैकी कोणी बूथ चालवला असेल, तुमच्या वडिलांनी किंवा आईने चालवला असेल, तर ती वही रद्दीवाल्याला देऊ नका. बूथ कधी मिळाला, किती वर्षं चालला, दिवसाला किती सुटत, रात्री अकराला कोण कोण येत, हे साध्या शब्दांत लिहून काढा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. गिऱ्हाइकांची नावं मात्र गाळा. त्यांतली काही अजून त्याच गल्लीत राहतात.